काकांची भिशी आणि स्पेक्ट्रमच्या इमेज फाइली

काकूचा फोन आला तेव्हा ती माळा आवरत होती. "अगं, ह्यांच्या त्या चरचर आवाजाच्या कॅसेटी सापडल्यात. भंगारवाला दारात उभा आहे, देऊन टाकू?" म्हटलं, "त्याला चहा दे, कॅसेटी देऊ नकोस."

काकांनी १९८७ साली डीबी स्पेक्ट्रम प्लस घेतला होता. ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने १९८२ च्या एप्रिलमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम काढला आणि पुढे त्याची प्लस आवृत्ती आली. तीच डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात विकली. ४८ केबी मेमरी, पडदा म्हणून घरचा टीव्ही आणि साठवणीला घरचाच टेपरेकॉर्डर. साडेसातच्या बातम्या लागल्या की आजी टीव्ही परत मागायची. काका त्याआधी भिशीचा हिशेब 'सेव्ह' करायला धावायचे, कारण वीज गेली की सगळं गेलं. भिशीचा तो प्रोग्राम त्यांनी स्वतः बेसिकमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रमच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, लिहिला होता. गेम तुम्हाला नेटवर हजारांनी मिळतील, काकांची भिशी मात्र जगात फक्त त्या माळ्यावर होती.

हे सगळं सांगते, कारण इमेज फाइलींबद्दल मला जे कळलं ते त्या भिशीची वाट लावून कळलं. एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राचं सोंग आणणारा प्रोग्राम, उतरवून घेणारे बरेच जण मला विचारतात, "एकाच गेमच्या चार फाइली आहेत, टीएपी, टीझेडएक्स, एसएनए, झेड८०. कुठली घेऊ?" खेळायचंच असेल तर जी चालेल ती घ्या. जपायचं असेल तर मात्र आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. काही फाइली म्हणजे कॅसेटची किंवा डिस्कची नक्कल असते, काही फाइली म्हणजे चालू यंत्राच्या मेमरीचा एका क्षणाचा फोटो असतो, आणि काही म्हणजे यंत्रातल्या चिपमधला मजकूर. तिन्हींना लोक सर्रास 'इमेज' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो.

चिपचं आधी उरकते. यंत्र चालू करणारा कायमचा मजकूर ज्या चिपमध्ये असतो ती रॉम. ४८ केबीच्या स्पेक्ट्रमची रॉम फाइल बरोबर १६३८४ बाइटची असते, १२८ केबीवाल्याची ३२७६८. तुमची यापेक्षा एका बाइटनेही कमीजास्त असेल तर ती संशयास्पद समजा. ४८ च्या रॉमचे पहिले बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पटीत आकडे लिहायची पद्धत, हेक्स एडिटर नावाच्या प्रोग्राममध्ये दिसते) एफ३ एएफ ११ एफएफ एफएफ असे दिसले पाहिजेत. सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा १९८६ साली अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला. कॉपीराइटची ओळ न बदलता या रॉम एम्युलेटरबरोबर वाटायला त्यांनी पुढे परवानगी दिली, म्हणून फ्यूजसारख्या एम्युलेटरबरोबर त्या आयत्याच मिळतात. तुम्हाला काही करावं लागत नाही.

आता कॅसेटची नक्कल. इथे जरा बैठक मारून बसा.

स्पेक्ट्रम टेपवर जे लिहितो ते गाण्यासारखंच ऐकू येतं, फक्त ते गाणं कोणाला आवडत नाही. आधी सुमारे ८०७ हर्ट्झचा सलग सूर येतो आणि पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे सरकतात. मग चरचर सुरू होते आणि पट्टे निळे-पिवळे होतात. शून्याचा बिट म्हणजे आखूड लाट, एकाचा बिट म्हणजे बरोबर तिच्या दुप्पट लांबीची. प्रत्येक गोष्ट टेपवर दोन तुकड्यांत जाते. आधी छोटा हेडर, ज्यात प्रकार, दहा अक्षरांचं नाव आणि लांबी असते, आणि त्याच्यामागे खरा माल. हेडरच्या आधीचा सूर पाच सेकंदांचा, मालाच्या आधीचा दोन सेकंदांचा. काका नुसत्या कानाने सांगायचे, "हा हेडर गेला, आता थांब."

टीएपी फाइल हा आवाज साठवत नाही, आवाजातून निघालेले बाइट तेवढे साठवते. प्रत्येक तुकड्याच्या आधी दोन बाइटांत त्याची लांबी, मग एक निशाणीचा बाइट (हेडरला ०, मालाला २५५), मग मजकूर, आणि शेवटी ताळा. हा ताळा म्हणजे आधीच्या सगळ्या बाइटांचा एक्स-ऑर, एक प्रकारची बिटांची बेरीज. हेडरचा तुकडा नेहमी १९ बाइटांचा असतो. म्हणून हेक्स एडिटरमध्ये फाइल उघडली आणि सुरुवात '१३ ०० ००' अशी दिसली, की ती स्पेक्ट्रमची टीएपी आहे हे जवळजवळ नक्की. हेक्समधले १३ म्हणजे आपले १९. पुढचा बाइट प्रकार सांगतो: ० म्हणजे बेसिक प्रोग्राम, १ म्हणजे आकड्यांची यादी, २ म्हणजे अक्षरांची यादी, ३ म्हणजे नुसते बाइट. त्याच्यापुढची दहा अक्षरं म्हणजे नाव. काकांच्या फाइलीत ती वाचली तेव्हा मी चहा तसाच गार होऊ दिला.

नुसत्या नावावर मात्र विसंबू नका. कमोडोर ६४ या दुसऱ्या जुन्या यंत्राच्या टेपच्या फाइलींनाही टीएपीच म्हणतात आणि त्या आतून पूर्ण वेगळ्या असतात. त्यांच्या सुरुवातीला 'सी६४-टेप-रॉ' असं रोमनमध्ये सरळ लिहिलेलं दिसतं. डीएसके नावाचं तर विचारूच नका. अ‍ॅपल टूची डीएसके वेगळी, स्पेक्ट्रम प्लस थ्रीची वेगळी. एडीएफ अमिगाची असते, एकॉर्नचीही असते. म्हणून माझा शिरस्ता असा, की आधी फाइलीचा आकार बघायचा, मग पहिले दहा-बारा बाइट बघायचे, आणि मगच आडनाव, म्हणजे नावाच्या शेवटची टीएपी, डीएसके अशी अक्षरं.

टीएपीत एक उणीव आहे. ती गृहीत धरते की टेप स्पेक्ट्रमच्या रॉममधल्या साध्या पद्धतीनेच भरली होती. १९८४ नंतरच्या विकतच्या गेमांनी नक्कल टाळायला आणि लवकर लोड व्हायला स्वतःचे लोडर, म्हणजे टेप वाचणारे प्रोग्राम, आणले. लाटांची लांबी वेगळी, सूर मध्येच तुटलेला, असले प्रकार. तिथे टीएपी हात टेकते आणि टीझेडएक्स लागते. टीझेडएक्सची सुरुवात 'झेडएक्सटेप' या रोमन अक्षरांनी आणि उद्गारचिन्हाने होते, मग हेक्स १ए, मग आवृत्तीचा आकडा. पुढे तुकड्यांची माळ. प्रत्येक तुकड्याला आपला क्रमांक असतो. हेक्समध्ये १० म्हणजे साधा तुकडा, ११ म्हणजे टर्बो वेगाचा, १२ नुसता सूर, १५ म्हणजे काहीच समजलं नाही म्हणून जसाच्या तसा उचललेला आवाज, २० म्हणजे विराम, ३० म्हणजे माणसाने लिहिलेली टीप. हा शेवटचा मला फार आवडतो. कॅसेटवर पेनाने काय लिहिलं होतं ते मी त्यात घालते. काकांच्या एका कॅसेटवर 'भिशी ८९, पुसू नये' असं होतं आणि खाली आजीच्या अक्षरात 'अभंग'. दोघांचंही म्हणणं एकाच कॅसेटवर होतं, एकेक बाजू.

घरी बेसिकमध्ये केलेल्या प्रोग्रामला टीएपी पुरते. विकतच्या कॅसेटला टीझेडएक्स करा. टीझेडएक्सवरून टीएपी करता येते, पण टर्बोचे तुकडे त्यात बसत नाहीत. आणि टीएपीवरून टीझेडएक्स केली म्हणून गेलेली माहिती परत येत नाही.

आता कॅसेटवरून फाइल कशी काढायची ते. टेपरेकॉर्डर साधा, मोनो असला तरी चालतो. हेड आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. माझ्या कापसावर पहिल्या वेळी चहाच्या रंगाचा डाग आला होता. बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले पदर सुटतात. हाताने फिरवायची तर षटकोनी पेन्सिल, ती भोकात नेमकी बसते. डॉल्बी बंद. हेडफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये द्या. लॅपटॉपला फक्त माइकचं भोक असेल तर आवाज अगदी कमी ठेवा, नाहीतर लाटांचे शेंडे छाटले जातात.

सगळ्यात महत्त्वाचा तो हेडशेजारचा स्प्रिंग लावलेला बारका स्क्रू. त्याने हेडचा कोन बदलतो. कॅसेट ज्या रेकॉर्डरवर भरली त्याचा कोन तुमच्या रेकॉर्डरशी जुळेलच असं नाही. टेप चालू ठेवून बारीक स्क्रूड्रायव्हरने तो केसभर इकडे, केसभर तिकडे करा. चरचर जिथे सगळ्यात टोकदार, कानाला लागणारी होते तिथे सोडा. माझ्या अनुभवात लोड न होणाऱ्या निम्म्याहून जास्त कॅसेटी एवढ्यानेच बोलायला लागल्या.

रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये करा, ४४१०० च्या सॅम्पल रेटवर. एमपी३ नको. एमपी३ माणसाच्या कानाला न कळणारं गाळून टाकतं आणि स्पेक्ट्रमला माणसाचा कान नाही. रेकॉर्डर स्टिरिओ असेल तर डावी-उजवी बाजू मिसळू नका, दोन्हींतली जी स्वच्छ असेल ती एकच घ्या. कोन थोडा चुकलेला असला की दोन्ही बाजू मागेपुढे होतात आणि मिसळल्यावर एकमेकींना खातात. पाच मिनिटांची १६ बिटची मोनो फाइल साधारण २६ एमबी होते. तिच्यातून निघणारी टीएपी ४८ केबीच्या आसपास. तो फरक बघून वेव्ह पुसायचा मोह होतो. पुसू नका. का, ते पुढे सांगते.

वेव्हवरून टीएपी किंवा टीझेडएक्स करायला फ्यूजच्या जोडीच्या साधनांत ऑडिओटूटेप आहे. झालेली फाइल टीझेडएक्सलिस्टने तपासा. प्रत्येक तुकडा, त्याचं नाव आणि लांबी दिसते. हेडर आहे पण त्याच्यामागे माल नाही, असं दिसलं तर तेवढाच भाग पुन्हा रेकॉर्ड करा. एक खूण लक्षात ठेवा: हेडरमध्ये ६९१२ बाइट लांबी लिहिलेला तुकडा म्हणजे हमखास एक चित्र. स्पेक्ट्रमचा पडदा ६१४४ बाइट ठिपक्यांचा आणि ७६८ बाइट रंगांचा. नुसतं चित्रच हवं असेल तर ६९१२ बाइटची एससीआर फाइल असते, तीही बऱ्याच एम्युलेटरना चालते.

फाइल चालवायची तर एम्युलेटरमध्ये टेपच्या मेन्यूतून ती उघडायची आणि लोडचा हुकूम द्यायचा. स्पेक्ट्रमवर तो अक्षरं टाइप करून देत नाहीत. 'जे' दाबलं की अख्खा 'लोड' उमटतो, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा 'पी', म्हणजे रिकामी अवतरणचिन्हं, आणि एंटर. फ्यूजमध्ये सिम्बॉल शिफ्ट म्हणजे कंट्रोल. साधी टेप क्षणात लोड होते, कारण एम्युलेटर रॉमच्या टेप वाचणाऱ्या भागावर पाळत ठेवतो आणि ऐकत बसण्याऐवजी बाइट सरळ मेमरीत ओततो. स्वतःचा लोडर असलेल्या गेमला ही युक्ती चालत नाही, तिथे टेप खरोखर 'वाजू' द्यावी लागते. गेम अर्ध्यावर अडकला तर आधी टेप ट्रॅप (हीच ती पाळत) आणि फास्ट लोडिंग बंद करून बघा. आणि बेसिक प्रोग्राम लोड झाल्यावर 'रन' दाबण्याआधी थांबा. स्पेक्ट्रम प्रोग्रामबरोबर त्यातली भरलेली माहितीही टेपवर लिहितो, आणि 'रन' ती सगळी पुसून सुरुवात करतो. 'गो टू १०' केलं तर ती जिवंत राहते. काकांनी कीबोर्डच्या वर कागदाची पट्टी चिकटवली होती: 'रन करू नये'.

आता फोटो, म्हणजे स्नॅपशॉट.

एसएनए सगळ्यात सोपी. २७ बाइटांत प्रोसेसरचे रजिस्टर, म्हणजे त्याचे स्वतःचे छोटे खण, आणि पुढे ४९१५२ बाइटांत सगळी मेमरी, एकूण ४९१७९. हाच आकार दिसला की दुसरं काही बघायची गरज नाही. तिची एक खोड आहे. प्रोग्राम कुठल्या ओळीवर उभा होता ते लिहायला हेडरमध्ये जागाच ठेवलेली नाही, म्हणून तो पत्ता प्रोग्रामच्याच स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या नोंदींच्या ढिगावर, ढकलतात. त्यामुळे मेमरीतले दोन बाइट बदलतात. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, पण एखादा गेम नेमका तिथेच कोलमडतो. झेड८० फाइल (प्रोसेसरचं नावही तेच, गोंधळू नका) या बाबतीत शहाणी आहे. पत्त्याला वेगळी जागा, आणि एकसारखे पाच किंवा जास्त बाइट ओळीने आले तर ते दाबून 'ईडी ईडी', किती वेळा आणि कुठला बाइट, एवढंच लिहायचं. म्हणून तिचा आकार ठरावीक नसतो. तिच्या नव्या आवृत्त्यांत १२८ ची मेमरीही बसते.

स्नॅपशॉट चटकन उघडतो, लोडिंगची कटकट नाही, गेममध्ये अवघड वळणाआधी एक काढून ठेवला की हरायची भीती नाही. मीही त्यालाच भुलले. काकांची पहिली कॅसेट मिळाली तेव्हा मी ती वेव्हमध्ये घेतली, फ्यूजमध्ये लोड केली, भिशीचा मेन्यू पडद्यावर आला आणि आनंदाच्या भरात झेड८० सेव्ह करून टाकली. वेव्ह मोठी होती, पुसली. दोन वर्षांनी चुलतभावाला म्हटलं, चल, तुला दाखवते कोणाचा नंबर कधी लागला होता. मेन्यू आला. 'यादी' निवडली. यादी रिकामी. काका प्रोग्राम एकदाच भरायचे आणि दर महिन्याचा हिशेब त्याच्यापुढे वेगळ्या तुकड्यांत, अक्षरांची यादी म्हणून, सेव्ह करायचे. मी फोटो काढला तो त्या तुकड्यांपर्यंत टेप पोचायच्या आत. परत कॅसेट लावली तर रेकॉर्डरने ती गिळली, बाहेर ओढली तेव्हा नेमक्या त्याच जागी चुरगळली होती. वेव्ह ठेवली असती तर टीएपीत ते सगळे महिने रांगेने उभे असते.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. आधी वेव्ह, तिच्यातून टीझेडएक्स, तिच्यातून टीएपी, आणि स्नॅपशॉट फक्त खेळायला. वरून खाली जाता येतं, खालून वर नाही.

डिस्कची गोष्ट आपल्याकडे स्पेक्ट्रमवाल्यांच्या वाट्याला फारशी आली नाही, पण नेटवर या फाइली भेटतात. प्लस थ्री (१९८७) तीन इंची डिस्क वापरायचा. त्याची साधी डीएसके १९४८१६ बाइटची: ४० ट्रॅक, प्रत्येकी ५१२ बाइटचे ९ सेक्टर, वर ट्रॅकागणिक २५६ बाइटची माहिती आणि सगळ्यांच्या आधी २५६ बाइट. वाढीव डीएसकेत वेडेवाकडे, नक्कल टाळायला मुद्दाम बिघडवलेले सेक्टरही बसतात, म्हणून विकतच्या डिस्कला तीच घ्या. टीआरडी म्हणजे बीटा डिस्क या, स्पेक्ट्रमला डिस्क जोडणाऱ्या इंटरफेसची पूर्ण डिस्क, ६५५३६० बाइट. इंटरफेस ब्रिटिश, पण तो जगला सोव्हिएत आणि रशियन नकली स्पेक्ट्रमांवर. टीआरडी चालवायची तर एम्युलेटरमध्ये यंत्र म्हणून पेंटॅगॉन, म्हणजे असाच एक नकली स्पेक्ट्रम, निवडा. एससीएल म्हणजे त्याच डिस्कवरच्या फक्त फाइली, रिकामी जागा वगळून; सुरुवातीला 'सिंक्लेअर' लिहिलेलं असतं.

शाळेत माझ्या पिढीने वेगळंच यंत्र पाहिलं असेल. १९८४ साली सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले. आमच्या शाळेत चपला बाहेर काढून, एका यंत्रावर पाच-पाच मुली. त्याच्या एका बाजूच्या डिस्कची फाइल एसएसडी: ८० ट्रॅकची २०४८०० बाइट, ४० ट्रॅकची १०२४००. दोन्ही बाजूंची डीएसडी, ४०९६०० बाइट. इथे मात्र आकार कमी दिसला म्हणून घाबरू नका, शेवटची रिकामी जागा कापून टाकायची पद्धत आहे. टेपची फाइल यूईएफ, बहुधा जीझिपने दाबलेली, म्हणून हेक्समध्ये '१एफ ८बी'ने सुरू होते. उलगडली की आत 'यूईएफ फाइल' असं रोमनमध्ये दिसतं. बीबेम या बीबीसीच्या एम्युलेटरमध्ये डिस्क घातल्यावर शिफ्ट धरून एफ१२ दाबायचं, कारण एफ१२ म्हणजे बीबीसीची 'ब्रेक' कळ.

फाइलींना नाव देताना कॅसेट, बाजू आणि कितवं रेकॉर्डिंग ते लिहा. 'भिशी-८९-बाजू१-दुसरं' असं. 'नवी', 'नवी२', 'खरी नवी' अशी नावं मी दिली आहेत, त्यामुळे सांगते. तीच कॅसेट दोन-तीनदा रेकॉर्ड करा. एकात तुटलेला तुकडा दुसऱ्यात धड मिळतो. तुकड्याचा ताळा जुळला तर तो बहुधा बरोबरच आहे.

भंगारवाला चहा पिऊन गेला. काकूने सांभाळलेल्या कॅसेटी सात निघाल्या. त्यातल्या 'भिशी ८९'च्या मी तीन वेव्ह केल्या. टीएपीत हेडर दिसले, एकामागून एक, जानेवारी ते ऑक्टोबर. 'गो टू १०' केलं, एकेक महिना भरून घेतला, यादी उघडली. वीस नावं रोमनमध्ये, अर्ध्यांच्या स्पेलिंगची काकांनी माती केलेली. काकूला लॅपटॉपसमोर बसवलं. तिने चष्मा चढवला, यादीवरून बोट फिरवलं आणि मार्चपाशी थांबली. "हिने मार्चचे अजून दिलेले नाहीत."